भोपा आणि भोपी : पाबूजीच्या महाकाव्याचा द्विकंठी आकृतिबंध

मौखिक महाकाव्याच्या अभ्यासात 'गायक' हा शब्द बहुधा एकवचनी आणि पुल्लिंगी येतो. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात तत्कालीन युगोस्लाव्हियात केलेली ध्वनिमुद्रणे आणि त्यांच्या आधारे आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये सिद्ध केलेला 'द सिंगर ऑफ टेल्स' हा ग्रंथ यांनी या ज्ञानशाखेला जी चौकट दिली, तिच्या मध्यभागी गुसले घेऊन बसलेला एक एकटा पुरुष आहे. गुसले हे गजाने वाजवायचे, साधारणतः एकाच तारेचे वाद्य. गाणारा, वाजवणारा आणि काव्य रचणारा अशा तिन्ही भूमिका या एका माणसात एकवटलेल्या असतात. बारा हजारांहून अधिक ओळींचे काव्य सांगणारा अव्दो मेजेदोविच हा त्याचा आदर्श. होमरविषयक प्रश्नाची उकल करण्यासाठी ही प्रतिमा घडवण्यात आली होती, आणि होमरही परंपरेने एकटाच मानला गेला असल्यामुळे तिच्या एकटेपणाबद्दल कोणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. पुढे आशिया व आफ्रिकेतील मौखिक परंपरांच्या अभ्यासात ती तशीच उचलली गेली. गायक सूत्रबद्ध पदावलीच्या साहाय्याने काव्य प्रत्यक्ष रचतो की पाठ केलेले म्हणतो, यावर पुष्कळ वाद झाले. पण तो एक आहे की दोन, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

राजस्थानातील पाबूजीच्या महाकाव्याचा प्रयोग हा प्रश्न विचारण्यास भाग पाडतो. येथेही गजाने वाजवायचे वाद्य आहे, वीरगाथा आहे आणि रात्रभर चालणारे सादरीकरण आहे. परंतु सादरकर्ते दोन आहेत, आणि ते पतिपत्नी आहेत. नायक समाजातील भोपा रावणहत्था वाजवतो, नाचतो, निवेदन करतो. त्याची पत्नी भोपी हाती दिवा घेऊन पटावरील चित्र उजळते आणि त्याच्याबरोबर गाते. दिवस मावळल्यावर चित्रपट बांबूंच्या आधाराने उभा केला जातो, धूपदीप होतो आणि जागरण सुरू होते. पट हे पाबूजीचे फिरते देऊळ असल्याने हा केवळ करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. जुना, विरलेला पट टाकून देत नाहीत, तर विधिपूर्वक 'ठंडा' करतात, म्हणजे पुष्करच्या सरोवरात त्याचे विसर्जन करतात. यजमान प्रामुख्याने रेबारी, म्हणजे उंटपाळ. उंटांवर रोगराई आली किंवा घरातील कोणाला बाधा झाली की पाबूजीचे जागरण बोलले जाते.

यातील शब्दसृष्टी मराठी अभ्यासकाला अर्धवट ओळखीची वाटेल, आणि ही अर्धी ओळख काहीशी फसवीही आहे. तुळजापूरच्या भोपे पुजाऱ्यांमुळे 'भोपा' हा शब्द मराठीला परका नाही. राजस्थानातही भोपा म्हणजे मुळात लोकदैवताचा पुजारीच. गायकपण हे त्या पौरोहित्याचे अंग आहे. 'फड' म्हणताच मात्र मराठी मनात तमाशाचा फड उभा राहतो. राजस्थानी 'पड' किंवा 'फड' स्त्रीलिंगी असून तिचा अर्थ चित्रांकित पट असा आहे. भीलवाडा व शाहपुरा येथील जोशी घराण्यांतील चित्रकारांनी ती रंगवावी, असा परिपाठ. तिसरा शब्द अधिक मोलाचा आहे. पाबूजीच्या कथेतील पराक्रमाच्या प्रकरणांना 'परवाडो' म्हणतात. जुन्या मराठीत पराक्रम आणि कीर्ती या अर्थांनी येणारा 'पवाडा' आणि पुढे शाहिरांचा 'पोवाडा' यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. मराठीत हा शब्द एका स्वतंत्र रचनाप्रकाराचे नाव झाला. मारवाडीत तो एका दीर्घ कथेच्या घटकाचे नाव राहिला. पश्चिम भारतातील वीरकाव्याचा तौलनिक इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्याचे एक प्रकरण या शब्दापासून सुरू करावे लागेल.

रावणहत्थ्याची बांधणी साधी असते. नारळाच्या करवंटीवर कातडे ताणलेले, त्याला बांबूची दांडी, दांडीवर खुंट्या. मुख्य तारा दोन. त्यांपैकी जिच्यावर गज फिरतो ती घोड्याच्या केसांची, दुसरी धातूची; यांखेरीज अनुनादासाठी तरफा. गजालाही घोड्याचे केस, आणि गजाच्या काठीला घुंगरू. म्हणजे गजाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर स्वर आणि ताल एकाच हातून निघतात, आणि स्वतंत्र तालवाद्याची गरज उरत नाही. त्याच गजाने भोपा पटावरील चित्राकडे निर्देश करतो. पाबूजीच्या कथेतील सर्वांत लाडके पात्र केसर काळमी ही घोडी आहे, ती नायकाची पुनर्जन्म घेतलेली माताच आहे, आणि वाद्याचा आवाज घोड्याच्या केसांतून निघतो. मराठीत तंतुवाद्याच्या तारा ज्या तुकड्यावर टेकतात त्यालाही घोडीच म्हणतात. या योगायोगावर सिद्धान्त उभारू नये. परंतु या काव्याच्या श्रोत्यांना तारेत घोडीचे खिंकाळणे ऐकू येत असेल, तर तो त्यांचा काव्यानुभवच होय.

वाद्य एकट्याच्या हाती असले तरी काव्य एकट्याच्या कंठात नाही. जॉन डी. स्मिथ यांनी 'द एपिक ऑफ पाबूजी' या १९९१ च्या ग्रंथात या प्रयोगाचे दोन स्तर स्पष्ट केले आहेत. एक 'अरथाव', म्हणजे लयबद्ध उच्चरवात केलेले कथन. दुसरा 'गाव', म्हणजे गायलेला भाग. अरथावात भोपा कथा पुढे नेतो, गजाने चित्र दाखवतो. गावात त्याच प्रसंगाचे गायन होते, आणि इथे भोपी प्रवेश करते. भोपा ओळ उचलतो, भोपी ती वरच्या पट्टीत झेलते आणि पूर्ण करते. कधी दोघांचे स्वर एकमेकांवर चढतात. पुष्कळदा तिचा चेहरा घुंघटाआड असतो. प्रेक्षकाला दिसतो तो दिवा धरलेला हात, आणि ऐकू येतो तो आवाज. प्रयोगात जे डोळ्यांना दिसायचे ते तिच्या दिव्याने ठरते, हेही ध्यानात घ्यावे लागते. पटावरील चित्रे कथाक्रमाने मांडलेली नसतात. ती स्थळांनुसार मांडलेली असतात, कोळूचा दरबार मध्यभागी आणि इतर राज्ये त्याच्या आजूबाजूला. अंधारात पंधराएक फुटांच्या पटावर नेमके आता कोठे पाहायचे हे गजाचे टोक आणि दिव्याची ज्योत मिळून सांगतात. कथेचा कालक्रम त्या दोघांच्या हालचालींतूनच निर्माण होतो. भोपीला 'साथीदार' म्हणून तळटीपेत ढकलणारी वर्णने या ठिकाणी अपुरी ठरतात.

आता कथेकडे वळावे. पाबूजी हा फलोदीजवळच्या कोळूचा राठोड. परंपरा त्याला लक्ष्मणाचा अवतार मानते. देवल चारणीकडून तो केसर काळमी मिळवतो आणि तिच्या गाईंचे रक्षण करण्याचे वचन देतो. पुतणी केलम हिच्या विवाहात तो लंकेच्या सांडणी आंदण देण्याची प्रतिज्ञा करतो. हरमल रेबारी वेशांतर करून लंकेचा शोध घेऊन येतो आणि पाबूजी त्या सांडणी हस्तगत करतो. मारवाडात उंट आले ते असे, ही रेबाऱ्यांची श्रद्धा. शेवटी अमरकोटच्या सोढ्यांची कन्या फुलवंती हिच्याशी पाबूजीचा विवाह ठरतो. फेरे चालू असतानाच देवलच्या गाई जिंदराव खीचीने पळवल्याची वार्ता येते. पाबूजी विवाह अर्धवट टाकून घोडीवर स्वार होतो. पुढे युद्ध, त्याचा अंत, थोरला भाऊ बूडो याचाही अंत, आणि बूडोच्या सती जाणाऱ्या पत्नीच्या उदरातून काढलेला रूपनाथ मोठा होऊन घेतो तो सूड. मागील जन्माच्या हिशेबात खीची हा रावण आणि फुलवंती ही शूर्पणखा. लक्ष्मणाने नाकारलेली स्त्री या जन्मी त्याच्याबरोबर मंडपात उभी राहते, तरीही तिचा विवाह पुरा होत नाही.

हे कथानक आणि त्याचा प्रयोग एकमेकांसमोर ठेवले की एक विलक्षण विरोध दिसू लागतो. या महाकाव्याचा कळस म्हणजे न पुरा झालेला विवाह. आणि ते गाण्याचा अधिकार मात्र विवाहित जोडप्याचा. नायक स्त्रीसंगापासून दूर राहतो, तेच त्याचे देवत्व. त्याचा पुजारी मात्र पत्नीशिवाय पटासमोर अपुरा ठरतो. फुलवंतीच्या मंडपातील प्रसंगात भोप्याचा स्वर निघून जाणाऱ्या वराची बाजू उचलत असेल, तर मागे राहणाऱ्या वधूचा विलाप ज्या कंठातून उमटतो तो एका अशा स्त्रीचा आहे, जिचा पती तिच्याजवळ उभा राहून त्याच ओळीची सुरुवात करतो आहे. कथेत तुटलेला संवाद प्रयोगात अखंड चालू राहतो. निव्वळ मुद्रित संहिता वाचणाऱ्याच्या हाती हा अर्थ लागणे शक्य नाही, कारण तो शब्दांत नसून कोण कोणाबरोबर गातो आहे यात आहे.

सती जाण्याच्या प्रसंगांबाबत मात्र टीकाकाराने अधिक सावध असले पाहिजे. स्त्रीच्या आवाजात गायले गेले म्हणून त्या प्रसंगांचा पुरुषी आशय बदलतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. भोपी गाते ते परंपरेने तिच्या हाती दिलेले शब्द आहेत. मराठी लोकवाङ्मयाच्या अभ्यासात डॉ. तारा भवाळकर यांनी स्त्रियांच्या मौखिक रचनांतील आत्मस्वर शोधला, तो जात्यावरच्या ओवीसारख्या स्त्रियांनी स्त्रियांसाठी रचलेल्या गीतांत. भोपीचा प्रसंग निराळा आहे. ती पुरुषांच्या देवाची, पुरुष यजमानांपुढे मांडलेली कथा गाते. तिच्या वाट्याला आलेले स्वातंत्र्य रचनेचे नसून उच्चारणाचे आहे: ओळ कोठे ताणायची, कोठे सोडायची, कोणत्या शब्दावर स्वर वर न्यायचा. तेवढ्या अवकाशात किती अर्थ मावतो हे ठरवण्यासाठी ध्वनिमुद्रणे ऐकावी लागतील. छापील पाठावरून ते कळणार नाही.

या मांडणीवर एक सरळ आक्षेप घेता येतो. देवनारायणाची फड पाबूजीच्या फडीहून मोठी, आणि कथाही अधिक विस्तृत. परंतु तिचे भोपे दोन पुरुष असतात. त्यांचे वाद्यही गजाचे नव्हे, तर दोन भोपळ्यांचे, छेडून वाजवायचे 'जंतर'. तिथेही एक भोपा मुख्य कथन करतो आणि दुसरा दिवा धरून साथ देतो. तेव्हा दिवा आणि दुसरा कंठ ही पटकथनाची तांत्रिक गरज आहे; ती पत्नीने भागवली काय किंवा जोडीदार पुरुषाने भागवली काय, त्यात काव्यगत अर्थ शोधणे अनाठायी होय, असे म्हणता येईल. याला जोडून अर्थकारणही पुढे करता येते. देवनारायणाचा आधार गुर्जर समाज. पाबूजीचे भोपे नायक, गावकुसाबाहेरचे आणि भटके. गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबात दोघांनी गाणे म्हणजे बिदागी घरातच राहणे.

हा आक्षेप खोटा नाही, पण तो पुरेसाही नाही. दिवाधारकाचे स्थान रचनेत आधीच असते हे मान्य करावे लागते. परंतु त्या स्थानावर कोण उभे राहते यावरून प्रयोगाचा अर्थ बदलतो. नाटकातील पात्राची जागा संहितेत ठरलेली असली तरी ते काम कोण करतो याने जसा फरक पडतो तसाच. देवनारायणाच्या कथेत बगडावत बंधूंचा विनाश आणि त्यांच्या पोटच्या मुलांचे एकत्र येणे हे मध्यवर्ती सूत्र आहे. दोन पुरुषांनी ती गावी यात एक आंतरिक संगती आहे. पाबूजीच्या कथेत स्त्रियांच्या मागण्यांनी कथानक हलते: देवलचे वचन, केलमचे आंदण, फुलवंतीचा मंडप. अर्थकारणाने जोडप्याचे गाणे सुरू झाले असेल. सुरू झाल्यावर ते काव्याच्या अर्थात शिरले, इतकेच येथे म्हणायचे आहे.

हे केवळ मारवाडापुरते नाही, हे दाखवणारा पुरावा थेट दुसऱ्या टोकाला, केरळात सापडतो. पुळ्ळुवन समाजातील पुरुष पुळ्ळुवन वीणा वाजवतो. नाव वीणा असले तरी ते एका तारेचे, गजाने वाजवायचे वाद्य आहे. त्याची पत्नी पुळ्ळुवत्ती कुडम वाजवते. मातीच्या घड्याला कातडे आणि तार जोडून केलेले हे वाद्य ताल आणि नाद दोन्ही देते. दोघे मिळून नागदेवतांची गाणी गातात. घरोघरी जाऊन मुलाबाळांची दृष्ट काढणारी गाणी म्हणणे हाही त्यांच्या व्यवसायाचा भाग. सर्पम्-तुळ्ळल या विधीत रंगीत चूर्णांनी जमिनीवर नागांचे कळम रेखाटतात, गायन शिगेला पोहोचते, संचार झालेल्या स्त्रिया ते कळम पुसून टाकतात. राजस्थान व केरळ यांच्यामधील अंतर लक्षात घेता येथे प्रत्यक्ष संपर्काची कल्पना लढवण्याचे कारण नाही. तरीही घटक तेच आहेत: गजाचे वाद्य पुरुषाच्या हाती, पत्नी दुसऱ्या साधनासह गायनात, समोर चित्र, आणि हेतू रक्षणाचा. फरकही तितकाच बोलका आहे. पुळ्ळुवत्तीच्या हाती स्वतःचे वाद्य आहे. भोपीच्या हाती दिवा. एक नाद निर्माण करते, दुसरी दृश्य. चित्राच्या बाबतीतही एका ठिकाणी ते प्रयोगातच पुसले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी ते गुंडाळून पुढच्या गावी नेले जाते.

महाराष्ट्रात याच्याशी ताडून पाहण्याजोगी जोडी कोणती? पहिले उत्तर वाघ्या-मुरळीचे सुचते. जागरण हा शब्द दोन्हीकडे समान आहे. धनगरांसारख्या पशुपालकांचे दैवत, देवाच्या लग्नाची कथा, स्त्री-पुरुषांचे एकत्र गाणे आणि रात्रभराचा विधी हेही समान. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या उपासनेतील पशुपालक संस्कृतीचे स्तर उलगडून दाखवले असल्याने ही तुलना भक्कम पायावर करता येते. परंतु निर्णायक जागी ती तुटते. मुरळी वाघ्याची पत्नी नसते. परंपरेने ती देवाला वाहिलेली, देवाची वधू. खंडोबाचे विवाह पुरे होतात, एक नव्हे तर अनेक, आणि त्यांची कथा गाणारी स्त्री मात्र मानवी विवाहाबाहेर उभी केली जाते. पाबूजीचा विवाह मोडतो, आणि त्याची कथा गाणारी स्त्री विवाहित असते. जणू देव आणि गायक यांच्यात विवाहाचे माप उलटसुलट वाटले गेले आहे. दोनच उदाहरणांवरून नियम काढणे धोक्याचे आहे. पण पश्चिम भारतातील अन्य जागरण-परंपरा या दृष्टीने तपासून पाहण्यास हरकत नसावी. वाद्याच्या बाजूने पाहिले तर डक्कलवारांची किंगरी आणि विदर्भातील गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानांचे गजाचे वाद्य ही रावणहत्थ्याची जवळची भावंडे; मात्र तेथे कथन हा पुरुषांचा वारसा मानला जातो. पिंगुळीच्या चित्रकथीशी होणारी नेहमीची तुलना चित्रापुरतीच खरी आहे. सुट्या चित्रांच्या पोथीत कथाक्रम आधीच बांधलेला असतो. दिव्याने तो घडवण्याची तिथे गरज नाही.

या जोडप्याचा खरा परिणाम दिसतो तो शिक्षणाच्या प्रश्नात. लॉर्ड यांनी गायकाच्या घडणीचे तीन टप्पे सांगितले आहेत: प्रथम ऐकणे, मग वाद्य हाती घेऊन प्रयत्न करणे, आणि अखेरीस जाणत्या श्रोत्यांपुढे गाणे. या आराखड्यात शिकणारा मुलगा आहे आणि शिकवणारा वडीलधारा पुरुष. स्मिथ यांनी १९७७ मध्ये 'मॅन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात लॉर्ड यांच्या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. त्या लेखाच्या शीर्षकातच 'गायक की गीत' असा प्रश्न आहे. पाबूजीचे भोपे ऐन वेळी रचना करत नाहीत. त्यांच्या मनात एक स्थिर पाठ असतो, आणि प्रयोगातील फरक हे मुख्यतः त्याच्या संकोच-विस्ताराचे असतात, असा त्यांचा निष्कर्ष. दूरदूरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या भोप्यांच्या पाठांत ओळीच्या पातळीवर साम्य आढळावे, ही गोष्ट लॉर्ड यांच्या सिद्धान्ताला पेलत नाही, हे त्यांनी समर्थपणे दाखवले. मात्र हे साम्य टिकते कसे, याचे उत्तर पाठांतर एवढेच राहते. पाठांतर बापाकडून मुलाकडे, उभ्या रेषेत जात असेल, तर काही पिढ्यांत प्रत्येक घराण्याचा पाठ वेगळा व्हायला हवा. तसे न होता तो प्रदेशभर समान राहतो, याचे कारण बहुधा दुसऱ्या कंठात आहे.

नायक समाजात विवाह जातीच्या आत, परंतु आपल्या कुळाबाहेर होतो. म्हणजे सून दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या घराण्यातून येते. तिचे माहेरही भोप्यांचे असेल, तर ती दुसऱ्या घराण्याचा पाठ कानात घेऊन येते. नवऱ्याने उचललेली ओळ तिला झेलायची असते. दोघांचे शब्द निराळे असतील तर ओळ तुटेल, श्रोत्यांच्या लक्षात येईल. तेव्हा प्रत्येक नव्या जोडप्याला आपापले पाठ एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतील. पुरुष पाठ खाली नेतात, स्त्रिया तो आडवा नेतात. आणि दोन्ही धाग्यांची वीण जिथे पडते ते स्थळ म्हणजे दांपत्य. हे तूर्त गृहीतकच आहे. परंतु ते तपासण्याजोगे आहे: एकाच जोडप्याच्या विवाहानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील आणि नंतरच्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणे, तसेच भोपीच्या माहेरचा पाठ यांची तुलना करून त्याचा निवाडा होऊ शकतो. मराठी वाचकाला यात अपरिचित काही नाही. जात्यावरची ओवी माहेरहून सासरी कशी जाते, आणि तिच्यामुळे दूरच्या तालुक्यांत तीच ओवी कशी भेटते, हे आपल्याकडील संकलकांनी वारंवार नोंदवले आहे. ओवीला जे लागू ते वीरकाव्यालाही लागू असावे, ही शक्यता मात्र विचारात घेतली गेली नाही. त्याचे मूळ पुन्हा बाल्कन प्रदेशातच आहे. वुक कराजिच यांनी एकोणिसाव्या शतकात सर्बियन लोकगीतांची 'वीरगीते' आणि 'स्त्रीगीते' अशी विभागणी केली. वीरगीते पुरुषांची, गुसलेवर गायची, आणि उरलेली सारी स्त्रीगीतांत. ही वाटणी त्या समाजातील व्यवहाराला धरून होती. जगभराच्या मौखिक वाङ्मयाला ती लावली गेली तेव्हा भोपीसारख्या स्त्रीला कोणताच रकाना उरला नाही. ती वीरगीत गाते, पण पुरुष नाही. स्त्री आहे, पण स्त्रीगीत गात नाही.

कोमल कोठारी (१९२९-२००४) यांचा दृष्टिकोन या रकान्यांपासून मुक्त होता. विजयदान देथा यांच्यासमवेत १९६० मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापन करून त्यांनी लोककाव्याला त्याच्या गायकांच्या जातीपासून, यजमानांपासून, पिके आणि जनावरांपासून वेगळे काढून पाहण्यास नकार दिला. रुस्तम भरुचा यांनी २००३ मध्ये ग्रंथित केलेल्या त्यांच्या संवादांत हा नकार पानोपानी जाणवतो. या दृष्टीने पाहिले असता महाकाव्याच्या आजच्या स्थितीचा विचार उंटापासून सुरू करावा लागतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील उंटांची संख्या सुमारे अडीच लाख उरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ३७ टक्क्यांची. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले, पण त्याने कळप वाढले नाहीत. रेबाऱ्यांकडे उंट नसतील तर उंटांच्या आजारासाठी जागरण कोण बोलणार? यजमान गेल्यावर भोप्यासमोर उरतो तो पर्यटक, आणि पर्यटकाला भाषा कळत नाही. त्याला वाद्य पुरते. जैसलमेरच्या किल्ल्याच्या वाटेवर रावणहत्थ्यावर चित्रपटगीते ऐकू येतात. तिथे पट नसतो, दिवाही नसतो. ज्या क्षणी कथा गळते त्या क्षणी भोपीही अनावश्यक ठरते, आणि एकटा वादक मागे राहतो. पाश्चात्त्य सिद्धान्ताने कल्पिलेला एकाकी वादक अशा रीतीने अखेर राजस्थानात अवतरला, तोही महाकाव्य संपल्यावर.

विल्यम डॅलरिंपल यांच्या 'नाइन लाइव्ह्ज' या २००९ च्या पुस्तकातील ज्या प्रकरणामुळे मोहन भोपा आणि त्याची पत्नी बतासी यांची नावे इंग्रजी वाचकवर्गापर्यंत पोहोचली, त्याचेही शीर्षक एकवचनी आहे: 'द सिंगर ऑफ एपिक्स'. लॉर्ड यांच्या ग्रंथाचा तो सहेतुक प्रतिध्वनी असावा. प्रकरणाच्या आत मात्र दोघेही गाताना दिसतात, आणि लेखकाची नोंद शीर्षकाच्या पुढे जाते. मोहन भोप्याच्या मृत्यूनंतर बतासी आपल्या मुलासह गाऊ लागली, असे ते सांगतात. दांपत्यावर उभ्या असलेल्या आकृतिबंधात वैधव्याने पडलेले हे खिंडार भरले गेले ते मायलेकांच्या जोडीने. रावणहत्था आणि ओळीची सुरुवात मुलाकडे गेली असे धरले, तरी त्या ओळी पतीबरोबर वर्षानुवर्षे पुऱ्या करीत आलेला कान आईचा आहे. मुलगा कोठे चुकला हे ओळखणारी ती, त्याची ओळ झेलताना सावरून घेणारीही ती. लॉर्ड यांच्या तीन टप्प्यांत या गुरूला जागा नाही. संग्रहालयांतील ध्वनिमुद्रणांच्या सूचींत भोप्याच्या नावापुढे भोपीचे नाव, तिचे माहेर आणि तिने गाणे कोणाकडून ऐकले याची नोंद नसेल, तर पुढील अभ्यासकाला असा गुरू तिथे होता याचा सुगावा लागणार नाही.